तू जा, तिला पाठव

पाठ धरली ती जड काही उचलताना नाही. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू टेबलावरून खाली पडला, मुंगीच्या डोक्याएवढा, तो उचलायला मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. एकतीस वर्षं मी चष्म्यांच्या काचा घासतोय, फ्रेमच्या खाचेत बसवतोय. असे हजारो स्क्रू मी उचलले असतील. पण त्या दिवशी कंबरेला कोणीतरी पक्कड लावून पिळल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि तोंडून जो आवाज निघाला तो माझा नव्हता. लहान मुलाचा होता. दुकानाच्या मालकीणबाई आतल्या खोलीत एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होत्या, त्या बाहेर आल्या. "कोण रडलं?" त्यांनी विचारलं आणि इकडेतिकडे बघितलं. दुकानात माझ्याखेरीज कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी दहा दिवस जमिनीवर सपाट पडून राहायला सांगितलं. बायकोनं बाहेरच्या खोलीत पातळ गादी घातली. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. उपाशीपोटी येणाऱ्या माणसांचं रक्त काढायचं म्हणजे सकाळी साडेसहाला घर सोडावं लागतं, परत यायला तीन वाजतात. पहिल्या दिवशी निघताना तिनं पाण्याची बाटली, गोळ्या, फोन, आणि वर्तमानपत्रानं झाकलेलं एक भांडं असं सगळं माझ्या उजव्या हाताशी मांडलं. "हात पोचेल तेवढंच तुमचं जग," म्हणाली. "त्याच्या पलीकडे काही लागलं तर तीनपर्यंत कळ काढायची." दार ओढून घेतलं. जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली आणि मग घर माझ्यावर झुकल्यासारखं झालं. घर खालून बघितलं की वेगळंच असतं. जेवणाच्या टेबलाची खालची बाजू मी बावीस वर्षांत पहिल्यांदा बघत होतो. तिथे सुतारानं पेन्सिलीनं काहीतरी आकडा टाकून ठेवला होता. कपाटाखाली एक जुना मोजा होता. उंबरे उंच झाले होते, कड्या हाताबाहेर गेल्या होत्या. मी छप्पन वर्षांचा माणूस, पण तिथून दिसणारं घर कुठल्यातरी लहान मुलाचं होतं.

हात पोचेल त्या जगात तिचं पुस्तकही राहून गेलं होतं. आदल्या रात्री ती माझ्याशेजारी बसून वाचत होती, तिथेच विसरली. ही पुस्तकं मला नवी नव्हती. गेली पाच-सहा वर्षं ती बसमध्ये येताजाता तीच वाचते. काळं मुखपृष्ठ, त्यावर टोकदार कानांचा, उघड्या छातीचा एखादा देखणा तरुण. "याला थंडी वाजत नाही का?" मी विचारायचो. "तो फे आहे, त्यांना नाही वाजत." "फे म्हणजे? फेफरं?" ती पान उलटायची. "परी म्हणा हवं तर. पण पंखवाली गोड परी नव्हे. डोंगराखाली राहणारे, माणसांना पळवून नेणारे. वाचा, म्हणजे कळेल." मी कधी वाचलं नाही. चार लोकांत मी तिची थट्टाही करायचो, हिचे दोन नवरे आहेत, एक मी आणि एक कानवाला. आता कानवाला माझ्या उशाशी होता, आणि तीन वाजायला आठ तास होते.

गोष्ट एका शिंपिणीची होती. नवरा गिरणीवाला, एक लहान मुलगा, घरात पिठाची धूळ. एका संध्याकाळी ओढ्याच्या पुलावर तिला एक परका भेटतो, त्याच्या बाहीची शिवण उसवलेली असते. ती उभ्या उभ्या चार टाके घालून देते. तो आभार मानत नाही, कारण त्यांच्यात आभार मानले की जन्माचं बांधलं जायचं. फे लोकांना खोटं बोलता येत नाही आणि लोखंड सोसत नाही. तो तिला डोंगराखाली नेतो. तिथे एक महिना म्हणजे वर एक दिवस. तिच्याजवळ माणसांच्या जगातली एकच वस्तू उरते, लोखंडाची सुई, आणि ती सुई तिच्या बोटांत आहे तोवर तो तिला हात लावू शकत नाही. दीडशे पानं ही बाई सुई हातातून सोडत नाही. त्याचा अंगरखा शिवते, त्याच्याशी भांडते, त्याच्या दरबारातल्या त्या उंच, थंड डोळ्यांच्या लोकांना हसवते, पण सुई बोटांत. मला पहिल्यांदा गंमत वाटली, मग उत्सुकता, मग मी घड्याळ बघायचं विसरलो. गोळी घ्यायची राहिली. शेवटी एका पानावर नाच संपलेला असतो, दिवे विझत आलेले असतात, ती त्याच्याकडे बघते आणि सुई खिडकीच्या कडेवर ठेवते. बस, एवढंच. सुई दगडावर ठेवल्याचा आवाज. मी ते पान परत परत वाचलं. छातीत काहीतरी हललं, जे पुष्कळ वर्षं हललं नव्हतं आणि ज्याचा कंबरेशी काही संबंध नव्हता.

दार उघडलं तेव्हा मी पुस्तक उशीखाली सारलं. तिची पावलं खोलीत आली, थबकली.

"माझी खूण कुठे गेली?"

"कसली खूण?"

"अहो, पुस्तकातली. एकशे चाळीसवर होती."

"पडली असेल."

"आणि पुस्तक आपल्या पायांनी उशीखाली गेलं." ती बाजूला बसली, अंगाला स्पिरिटचा वास. "कुठवर आलात?"

मी छताकडे बघितलं. "सुई."

ती तोंडावर हात धरून हसायला लागली. "खाली ठेवते तिथपर्यंत? मीसुद्धा अजून नाही पोचले हो तिथे. वाचलंतसुद्धा?"

"तीनदा," मी म्हणालो.

मग आमच्यात करार झाला. सकाळी पुस्तक माझं, संध्याकाळी तिचं, दोन खुणा, पुढचं कोणी कोणाला सांगायचं नाही. संध्याकाळी ती वाचायची आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत पडायचो; आता सुई आली असेल, आता. आली तेव्हा तिनं पुस्तकावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत मान खाली घातली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या नवरा-बायकोनं एकमेकांकडे असं बघायचं नसतं, पण बघितलं.

चौथ्या दिवशी सकाळी गोष्ट अचानक वर आली, गिरणीवाल्याच्या घरात. मला तोपर्यंत घराची आठवणच राहिली नव्हती. तिथे शिंपिणीच्या जागी फे लोकांनी एक लाकडाची बाई ठेवून दिलेली होती. हुबेहूब. ती चूल पेटवते, केर काढते, नवऱ्याशेजारी झोपते, श्वाससुद्धा घेते. कोणाला काही कळत नाही. ती मुलापुढे वाटी ठेवते, उजवीकडे. मुलगा डावखुरा आहे. तो वाटीकडे बघतो, तिच्याकडे बघतो आणि बापाला सांगतो, "ही माझी आई नाही."

मी पुस्तक छातीवर पालथं ठेवलं. स्वयंपाकघरात नळाचा थेंब पडत होता. तेच वाक्य मी म्हटलेलं होतं. असंच, चार शब्दांत, आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झालेला नव्हता, कारण ती आमच्या घरातली एक विनोदी गोष्ट होती. मी सात वर्षांचा असताना आई चौदा महिने घरात नव्हती. तिला छातीचा आजार आहे, ती डोंगरातल्या दवाखान्यात आहे, तिथे मुलांना नेत नाहीत, असं बाबांनी सांगितलं होतं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, ती तेराव्या वर्षी घर सांभाळायला शिकली. मी आईची वाट बघायचो असं म्हणणं खरं नाही. मी तिला पाठ करायचो. झोपताना, शाळेच्या वाटेवर, पाढ्यांसारखी. कंबरेपर्यंत वेणी. बोलायच्या आधी जिभेचा एक बारीक टक्. गरम दुधाच्या चमच्यावर दोनदा फुंकर, तीनदा नाही. मला हाक मारायची ती मुंगळ्या. उशिरा उशिरा चेहरा पुसट व्हायला लागला तसा मी यादीला जास्तच घट्ट धरून राहिलो. आणि एका दुपारी दारात पेटी घेऊन एक बाई उभी राहिली. तिचे केस कानापर्यंत कापलेले होते. आजारी माणसं वाळून येतात, ही भरून आली होती, उन्हानं रापली होती. घरात बूट घालून चालत आली. तिच्या अंगाला रंगाच्या दुकानासारखा वास होता, आणि तिनं गुडघ्यावर बसून हात पसरले तेव्हा मला दिसलं, तिच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. "मुंगळ्या," ती म्हणाली. आवाज तोच होता. आवाज वेगळा असता तर मी इतका घाबरलो नसतो.

मी तिची परीक्षा घेतली. माझ्या कुठल्या पायाच्या अंगठ्याला टाका पडलाय? ती म्हणाली डाव्या. उजव्या होता. मग मी बाबांना जाऊन ते वाक्य सांगितलं, आणि बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "वेड्यासारखं बोलू नकोस." मी तिच्या हातचं खाणं सोडलं. ताईनं वाढलं तरच जेवायचो. ती भांडी घासताना कुठलंतरी गाणं गुणगुणायची, जे माझ्या यादीत नव्हतं. मी दारात आलेला दिसलो की थांबायची. किती आठवडे चाललं हे, सहा, आठ? एकदा ती माझी नखं कापायला बसली. मी हात मागे ओढला आणि म्हणालो, आणि हे मात्र मी पुढे विनोदात कधी सांगितलं नाही, का कोण जाणे, "तू जा. तू जा आणि तिला पाठव." तिच्या हातात नखं कापायची छोटी कात्री तशीच उघडी राहिली. ती पुष्कळ वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं. पाठवते."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. मी डोळे चोळत बाहेर आलो तर ती पाठमोरी उभी, अंगावर जुने कपडे, कंबरेपर्यंत वेणी. नखं घासून घासून लाल झालेली, पण स्वच्छ. जिभेचा टक्. "मुंगळ्या, दूध निवतंय." चमच्यावर दोन फुंकरा. मी धावत जाऊन ताईला सांगितलं, आई आली, आई आली. ताई गादीची घडी घालत होती. तिनं मला जवळ घेतलं नाही. त्यानंतर आई अडतीस वर्षं जगली, आणि अडतीस वर्षं तशीच होती, यादीबरहुकूम. ती वेणी गंगावनाची होती, खोट्या केसांची, हे मोठेपणी मला समजलंच होतं. तिचे स्वतःचे केस वाढून ते गंगावन कधी सुटलं ते मात्र मला आठवत नाही. माझ्या लग्नात मी ही गोष्ट रंगवून सांगितली. मी असा येडचाप, दवाखान्यातून आलेल्या आईला ओळखलं नाही, केस कापले म्हणून. शेवटी बिचारीनं गंगावन लावलं तेव्हा साहेब दूध प्यायले. सगळे हसले. पुढेही कितीदा सांगितली, पाहुणे आले की. आता पडल्या पडल्या मला आठवलं की ती गोष्ट सुरू झाली की आई पाणी आणायला उठायची. दर वेळी. पाण्याचा तांब्या भरलेला असला तरी.

आमच्याकडे गिऱ्हाईक नवा चष्मा घालतं आणि दोन पावलं चालून परत येतं. जमीन तिरकी दिसतेय, म्हणतं, दार वाकडं दिसतंय, काहीतरी चुकलंय. मी त्यांना सांगतो, काच बरोबर आहे, चार दिवस घाला, डोळे सवय करून घेतील. घेतात. चार दिवसांनी त्यांना जुनी काच घालायला दिली तर तीच वाकडी वाटते. एकतीस वर्षं मी हे सांगत आलोय. आणि सात वर्षांच्या मुलानं चार दिवससुद्धा दिले नव्हते. पुस्तकातल्या मुलापुढे लाकडाची बाई होती आणि तो खरी मागत होता. माझ्यापुढे कोण होती ते मी बघितलंच नाही. मी हट्टानं लाकडाची मागून घेतली होती.

त्या दुपारी डोळा लागला असावा. उन्हाचा चौकोन माझ्या पायांवरून भिंतीवर गेला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मला दोन पाय दिसले, बूट घातलेले, टाचा स्वयंपाकघरात आणि चवडे माझ्याकडे. कोणीतरी आत यायचं की नाही ते ठरवत उभं राहावं तसे. "कोण आहे?" मी विचारलं. मला मान उचलता येत नव्हती, उचलली असती तर चेहरा दिसला असता. भीती वाटली नाही. लाज वाटली, नको त्या अवस्थेत कोणी मोठ्या माणसानं बघावं तशी. "या ना," मी म्हणालो, आणि मी 'या' म्हणालो, 'ये' नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तिथे फक्त उंबरा होता.

दोन दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही. बायको वाचत पुढे निघून गेली. "काय झालं? आवडेनासं झालं?" "पाठ दुखतेय," मी म्हणालो. पण सातव्या दिवशी सकाळी दार ओढलं गेल्यावर मी पहिलं पुस्तकच ओढलं, आणि मला वाटलं होतं की आता ते वाचवणार नाही, ते खोटं होतं. उलट पहिल्यापेक्षा हावरेपणानं वाचलं. ती डोंगराखाली हसायची तिथे मी हसलो. त्यानं तिच्यासाठी पाण्याच्या आरशांची खोली उघडली तेव्हा मी तिच्याबरोबर आत गेलो. तो तिला म्हणतो, "तुला परत जायचं असेल तर मी अडवणार नाही, पण मला ते आवडेल असं मी म्हणू शकत नाही," आणि त्याला खोटं बोलता येत नाही हे आठवून मी ते वाक्य परत वाचलं. मध्येच त्या मुलाची पानं यायची. तो दिवसेंदिवस उपाशी, डोंगराच्या पायथ्याशी जाऊन गवताला कान लावून पडायचा. मी ती पानं भराभर उलटली. एवढंसं पोर, आणि मला त्याचा राग येत होता. गप बस, मी मनात म्हणत होतो. हाक मारू नकोस. राहू दे तिला. पुस्तक संपायला आलं तसं मी एकेक पान हळू उलटायला लागलो. शेवटी शिंपीण डोंगराच्या दारापर्यंत येते. बाहेर पडून आपल्या घराच्या खिडकीतून आत बघते. मुलगा थकून, भुकेनं, लाकडाच्या बाईच्या हातून जेवत असतो. ती तिथे पुष्कळ वेळ उभी राहते. मग वळते आणि खाली जाते, जिथे दिवे आहेत.

बायकोनं संध्याकाळी शेवट वाचला आणि पुस्तक जमिनीवर टाकलं. "ही कसली बाई? पोटचं पोर लाकडाच्या हवाली करून गेली. आणि आपण इतकी पानं तिच्यासाठी जीव टांगून बसलो."

"बरं झालं गेली," मी म्हणालो.

"काय?"

"तिकडे सुखात होती. इकडे येऊन काय केलं असतं? तेच पीठ, तीच वाटी. पोरानं दोन दिवस रडून विचारलं असतं, केस का कापलेस?"

"केस कुठे कापलेत तिनं?" ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या कानांत पाणी जात होतं; उताणं पडलं की डोळ्यांतलं पाणी कानात जातं. मी तिला सगळं सांगितलं. कात्री, 'तू जा', 'पाठवते'. "हे तुम्ही मला सांगितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "लग्नातच सांगितलं होतं. पण हसत." आणि थोड्या वेळानं, "ताईंना विचारा. त्या मोठ्या होत्या. त्यांना ठाऊक असेल."

नवव्या दिवशी दुपारी ताई आली. ती बासष्ट वर्षांची आहे, बस डेपोत वेळापत्रकं लावण्याच्या कामातून निवृत्त झाली, गुडघे गेलेत, त्यामुळे तिला खाली बसता येत नाही. ती खुर्चीवर बसली आणि मला तिच्या चपला, सुजलेले घोटे आणि वर कुठेतरी हनुवटी दिसत होती. पाठीची चौकशी झाली, डॉक्टरला शिव्या घालून झाल्या. मग मी विचारलं, "ताई, आई दवाखान्यातून आली तेव्हा तिचे केस का कापलेले होते?"

"कसला दवाखाना?" ताई म्हणाली.

तिची चप्पल पायातून निसटली, तिनं ती परत पायात घेतली.

"तुला खरंच माहीत नाही? मला वाटायचं, बाबा गेल्यावर तरी तिनं सांगितलं असेल. तू ती गंगावनाची गोष्ट सांगत सुटायचास, तेव्हा मला वाटायचं, हा माहीत असून बोलतोय की काय. इतका दुष्ट आहे की काय." तिनं दम घेतला. "आजारबिजार काही नव्हता रे. आपल्या गल्लीच्या टोकाला सभागृह होतं ना, तिथे एक नाटक कंपनी महिनाभर येऊन राहिली होती. पडदे फाटले होते म्हणून आई शिवून द्यायला जायची. शिवता शिवता रंगवायलाही लागली. कंपनी गेली आणि दोन दिवसांनी तीही गेली. समुद्राकाठच्या गावात त्यांचा मुक्काम होता. बाबांना कळायला वर्ष लागलं."

"नखं निळी होती तिची," मी म्हणालो.

"समुद्र रंगवत असेल. मी बघितलं तेव्हा जंगल होतं." ताईचा आवाज एकदम सपाट झाला, ती बसचे क्रमांक सांगायची तसा. "बाबा मला घेऊन गेले होते. कंपनीच्या मोठ्या शेडमध्ये दोन माणसं उंचीचा पडदा टांगलेला, आणि ही शिडीवर. केस कापलेले, तोंडात ब्रश. खाली एक माणूस दिव्यांच्या तारा सोडवत बसला होता. लांब हातांचा. त्यानं मला गोळी दिली खायला. मी त्याला विचारलं, आई घरी येणार आहे का? तो म्हणाला, मला नाही वाटत. मोठी माणसं असं सांगत नाहीत मुलांना, नाही? त्यानं सांगितलं." ती थांबली. "तो काहीतरी बोलला आणि ती वरून हसली. मी तिला तशी हसताना कधी बघितलं नव्हतं. तिला अजून आम्ही दिसलो नव्हतो. बाबा दारात उभे होते. मला म्हणाले, मी हाक मारली तर ती येणार नाही. तू मार."

"तू मारलीस."

"तेरा वर्षांची होते मी. चौदा महिने मी स्वयंपाक करत होते. तुझं अंथरूण ओलं व्हायचं ते धूत होते. मारली हाक. एकदाच मारली." तिची हनुवटी हलत होती. "शिडी उतरायला तिला इतका वेळ लागला. एकेका पायरीवर थांबत. मला वाटत होतं, पळून जावं इथून, तिनं परत वर चढावं. पण मी उभी राहिले. आणि मग तिनं सगळं तिथे टाकून घरी यावं, आणि तू म्हणावंस, तू जा आणि तिला पाठव."

"तू ऐकलं होतंस?"

"दाराआड होते. गंगावन मीच दिलं तिला. माझ्या शाळेच्या नाटकात राणी झाले होते तेव्हाचं. रात्री तिनं विचारलं, तुझ्याकडे आहे का ते? मला वाटलं दोन दिवस लावील, तुझी समजूत पटेपर्यंत. मी तिला नंतर म्हटलंसुद्धा, आता काढ, तो जेवतोय. तर म्हणाली, नको. त्याची आई त्याला मिळालीय, आता परत नेऊ नये. त्याला काही सांगू नकोस."

खिडकीबाहेर कोणीतरी दुचाकी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. माझ्या डोक्यात इतके प्रश्न होते की ते एकमेकांत अडकून बसले. तिनं परत कधी ब्रश धरला का? त्या माणसाचं पत्र आलं का? मेली तेव्हा ती कोण होती? यातलं काहीच मी विचारलं नाही. मला आई आठवत होती ती सगळी मी पाठ केलेली होती; त्यातलं एकही अक्षर नवीन नव्हतं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "ती कशी हसायची?"

"कधी?"

"शिडीवर."

ताई म्हणाली, "असं सांगता येतं का?" पुष्कळ वेळानं ती खुर्चीचे हात धरून उठली. गुडघ्यांचा आवाज झाला. ती दाराच्या चौकटीपाशी गेली, एक हात उंच करून चौकट धरली, शिडी धरावी तशी, आणि खाली माझ्याकडे बघितलं. मग मान मागे टाकून हसली. पहिल्यांदा नुसतं खोकल्यासारखं आलं, खोटं, तिचं तिलाच ओशाळं वाटलं. "थांब," ती म्हणाली. डोळे मिटले. दुसऱ्यांदा ते पोटातून आलं. घोगरं, मोठं, मध्ये तुटणारं आणि परत जोडलं जाणारं, एखाद्या दणकट, बेफिकीर बाईचं, जिच्यापुढे कोणाचं दूध निवत नाहीये. मला खालून फक्त तिचा गळा आणि वर धरलेला हात दिसत होता. ओळखीचं काहीतरी सापडेल म्हणून मी जीव कानांत आणून ऐकत होतो. एक टक्, एक फुंकर, काहीतरी. काहीही नव्हतं. ही बाई मला अनोळखी होती, आणि ती सहा-आठ आठवडे माझ्या घरात, माझ्यासमोर हात पसरून होती.

ताई थांबली. चौकटीला टेकून धापा टाकत उभी राहिली, मनगटानं डोळे पुसले.

"बस?" तिनं विचारलं.

"परत एकदा," मी म्हणालो.